कॉलऱ्याचा पेशंट, लिटरभर ओआरएस आणि ५० ग्रॅम न पचणारं पीठ

प्रकरण वेल्लोरचं आहे. तमिळनाडूतलं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, आणि छापून आलं फेब्रुवारी २००० मध्ये, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये. ४८ पेशंट, सगळे कॉलऱ्याचे, काही पोरसवदा, बाकी मोठी माणसं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले, १६-१६-१६. पहिल्या गटाला नेहमीचं ओआरएस, दुसऱ्याला त्याच ओआरएसमध्ये लिटरमागे ५० ग्रॅम तांदळाचं पीठ, आणि तिसऱ्याला लिटरमागे ५० ग्रॅम मक्याचं एक खास स्टार्च, जे माणसाच्या लहान आतड्यात पचतच नाही.

हो, न पचणारं पीठ. जुलाबाच्या पेशंटला. मुद्दाम.

मी नर्सिंगच्या मुलींना फिजिऑलॉजी शिकवते आणि दरवर्षी हे सांगितलं की मागच्या बाकावरची कुणीतरी हळूच म्हणते, मॅडम अजून वाढतील ना जुलाब? प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय की पोट बिघडलं की हलकं खा, पचेल तेच खा, पेज घे. वेल्लोरच्या डॉक्टरांनी उलटं केलं, आणि का केलं हे समजायचं तर शॉर्ट चेन फॅटी ॲसिड (मोठ्या आतड्यातले जंतू बनवतात ती छोटी ॲसिडं) आतड्यातून अंगात कशी शिरतात ते समजून घ्यावं लागतं. पुस्तकात हा विषय दीड पानात उरकलेला असतो आणि परीक्षेत दोन मार्कांना येतो, म्हणून मुली तो ऑप्शनला टाकतात. तर हे प्रकरण त्या दोन मार्कांचं.

आधी रोग. कॉलरा म्हणजे आपली पटकी. गावोगावी मरीआईची देवळं आहेत ती उगीच नाहीत, सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जायचा. तासाला एक लिटरपर्यंत पाणी संडासवाटे जाऊ शकतं, आणि ते दिसतं तांदळाच्या धुवणासारखं. यात विचित्र गोष्ट अशी की आतड्याला जखम नसते. अस्तर शाबूत असतं, सूज फारशी नाही, रक्त नाही. कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्याचे तुकडे बांधून दाखवलं की जंतू नसले तरी जंतूंनी सोडलेलं विष एकटं हे सगळं घडवतं. ते विष पेशीच्या आत एक बटण चालू करून ठेवतं, सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढत राहतो, त्यामुळे पेशी क्लोराइड बाहेर ओतत सुटते, मागोमाग सोडियम जातं, त्यामागे पाणी. वर आणखी एक घात म्हणजे नेहमी मीठ आत घेणारं जे मुख्य दार असतं ते त्याच निरोप्यामुळे बंद होतं. म्हणजे नळ उघडा आणि मोरीचं भोक बुजलेलं.

पण एक दार उघडं राहतं. ग्लुकोजला आत घेणारा जो वाहक आहे तो सोडियमला बरोबर घेतल्याशिवाय हलतच नाही, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं, आणि कॉलऱ्याचं विष त्या वाहकाला हात लावत नाही. ओआरएसचा सगळा जीव एवढ्यात आहे. साखर द्या, ती मीठ ओढेल, मीठ पाणी ओढेल. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना पाजलं, आणि जिथे १०० पैकी ३० जण मरत होते तिथे हे पाणी मिळालेल्यांमध्ये मृत्यू ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२२ मध्ये ते गेले, पद्मविभूषण मिळालं ते गेल्यानंतर. असो.

आता ओआरएसची खोड सांगते, जी वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. ओआरएसने माणूस वाचतो पण जुलाब थांबत नाहीत. जातंय त्यापेक्षा जास्त आत घालत राहायचं, एवढाच तो करार. आई विचारते, सिस्टर हे पाणी पाजतेय पण बाळाचं जायचं तेवढंच जातंय, मग काय उपयोग, आणि तिला रोजच्या भाषेत समजावणं अवघड असतं, मग ती दुकानातून जुलाब बंद करायची गोळी आणते. हे ओआरएसमधलं ग्लुकोज लहान आतड्याच्या वरच्या भागातच संपून जातं. खाली मोठ्या आतड्यापर्यंत काय पोचतं? नुसतं खारट पाणी.

इथे प्रकरणाचा गाभा आहे. मोठं आतडं.

निरोगी माणसात दिवसाला दीड ते दोन लिटर पातळ माल मोठ्या आतड्यात उतरतो आणि बाहेर पडतो १०० ते २०० ग्रॅम. बाकीचं पाणी ते गुपचूप परत घेतं. पण ही त्याची रोजची हजेरी झाली, ताकद त्याहून मोठी आहे, हळूहळू पाणी सोडत जाऊन मोजलं तर दिवसाला पाच-साडेपाच लिटर शोषून घ्यायची त्याची क्षमता निघते. म्हणजे तीन-चार लिटरची शिल्लक पडून आहे. कॉलऱ्यात गळती वरच्या लहान आतड्यात, मोठं आतडं तुलनेने बरं, आणि तरी ही शिल्लक वापरली जात नाही. का? कारण मोठ्या आतड्याला पाणी ओढायला जे लागतं ते त्या दिवशी त्याच्याकडे नसतं. आणि ते म्हणजे शॉर्ट चेन फॅटी ॲसिड.

ही ॲसिडं कोण बनवतं? जंतू. आपण जे खातो त्यातलं जे वर पचत नाही, धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे धागे, काही स्टार्च, ते खाली उतरतं आणि तिथे हवा नसलेल्या अंधारात जंतू ते आंबवतात. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं ना, तसंच साधारण. त्यातून गॅस निघतो (तो सगळ्यांना माहीत आहे) आणि तीन छोटी ॲसिडं निघतात, ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. ढोबळ हिशोबाने ६०, २०, २० या प्रमाणात. ॲसिटेट म्हणजे व्हिनेगरवालं. प्रोपिओनेटचा क्षार पावाला बुरशी लागू नये म्हणून घालतात. आणि ब्युटिरेट म्हणजे खवट लोण्याचा जो वास येतो तो, नावही लोण्यावरूनच पडलंय. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला यांचं प्रमाण लिटरमागे १०० मिलिमोलच्या (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक) वर जातं, तिथल्या द्रवात सगळ्यात जास्त असलेले ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे कण, हेच. जंतू दिवसाला काही शे मिलिमोल बनवतात आणि त्यातलं ९० ते ९५ टक्के अंगात शोषलं जातं, संडासात येतं फक्त उरलंसुरलं. म्हणून संडास तपासून किती ॲसिड बनलं हे सांगणाऱ्या ज्या टेस्ट हल्ली विकतात त्यांच्याकडे बघून मला जरा हसू येतं, ९५ रुपये खर्च झालेल्या पाकिटात उरलेले ५ मोजून पगार सांगायचा प्रकार आहे तो.

आता शोषण. इथे जरा हळू जाऊया.

ॲसिडचे दोन अवतार असतात, एक हायड्रोजन धरून ठेवलेला आणि एक सोडून दिलेला. हायड्रोजन धरलेला अवतार तेलकट, पेशीचा पडदाही तेलाचा, त्यामुळे तो सरळ आत घुसतो, कुणाला विचारायची गरज नाही. सोडलेल्या अवताराला विद्युतभार असतो, त्याला पडदा आत घेत नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट, आणि ज्या पीएचला हे दोन अवतार निम्मे-निम्मे असतात तो पीकेए. आता या तिघांचा पीकेए साधारण ४.८ आणि मोठ्या आतड्यातला पीएच साडेपाच ते साडेसहा किंवा थोडा वर. पीएच ६ धरला तर १०० पैकी ९४ रेणू भारवाले, दारातून परत पाठवलेले, आणि फक्त ६ आत जायला मोकळे. मग ९५ टक्के शोषण होतं कसं? मुलींना मी इथेच थांबवते आणि विचारते, सांगा. बहुतेक वेळा सगळ्या गप्प.

तर एक वाट अशी. पेशी स्वतःच दाराशी हायड्रोजन आणून ठेवते. पेशीच्या वरच्या पडद्यात सोडियम-हायड्रोजनची अदलाबदल करणारं यंत्र आहे, ते एक सोडियम आत घेतं आणि एक हायड्रोजन बाहेर टाकतं, त्यामुळे अगदी पेशीलगत थोडा आंबटपणा तयार होतो आणि तिथे पोचलेल्या ॲसिडला हायड्रोजन मिळतो. मिळाला की ते तेलकट होऊन आत. आत पेशीचा पीएच सातच्या आसपास, तिथे ते लगेच हायड्रोजन सोडून देतं. सुटलेला हायड्रोजन परत त्याच यंत्रातून बाहेर, आणि त्याच्या बदल्यात अजून एक सोडियम आत. लक्षात आलं? ॲसिडचा एकेक रेणू येताना सोडियमला आत यायचं कारण देतो. मग आत साठलेला ब्युटिरेट आयन दुसऱ्या यंत्रातून बाहेर जातो आणि बदल्यात क्लोराइड आत घेतो. सोडियम आलं, क्लोराइड आलं, म्हणजे मीठ आलं, मिठामागे पाणी. ॲसिड इथे नुसतं अन्न म्हणून येत नाही, त्याच्या येण्याजाण्यातच मिठाची ओढाताण होते.

दुसरी वाट बायकार्बोनेटशी अदलाबदल करणारी, ॲसिडचा आयन आत, बायकार्बोनेट बाहेर. तिसरी एमसीटी-१ नावाचा वाहक, तो हायड्रोजन आणि ॲसिड दोघांना जोडीने आत नेतो. चौथी वाट मला सगळ्यात आवडते, एसएमसीटी-१, हा वाहक सोडियमच्या जोरावर ॲसिडला ओढतो. याची गंमत अशी की याचं जनुक आधी कॅन्सरवाल्यांच्या नजरेत भरलं, २००३ मध्ये, मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये ते बंद पडलेलं दिसलं आणि हे नेमकं कशाची ने-आण करतं ते कळेना, मग २००४ मध्ये वडिवेल गणपती यांच्या गटाने दाखवलं की हा तर ब्युटिरेट वगैरे आत आणणारा हमाल आहे. या चारांपैकी कुठल्या दाराने किती माल जातो यावर या क्षेत्रातले लोक अजून भांडतात, आणि आतड्याच्या कुठल्या भागात मोजलं, उंदरात की माणसात, यावर उत्तर बदलतं. मी परीक्षेत चारही लिहायला सांगते.

आत आल्यावर पुढे काय, हे थोडक्यात. ब्युटिरेट बहुतेक तिथल्या तिथे जळतं, मोठ्या आतड्याच्या पेशी आपल्या ऊर्जेचा ६० ते ७० टक्के भाग त्यावरच काढतात. प्रोपिओनेट यकृतात अडतं. ॲसिटेट तेवढं पुढे रक्तात फिरतं. हे माणसात कसं कळलं तर १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये कमिंग्ज आणि मंडळींनी अचानक मृत्यू आलेल्या माणसांच्या शरीरातून वेगवेगळ्या ठिकाणचं रक्त घेऊन त्यातली ही ॲसिडं मोजली, आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत लिटरमागे ३७५ मायक्रोमोल, यकृतातून बाहेर पडताना १४८, आणि हातापायाच्या रक्तात ७९. वाटेत कोण किती खातं ते या तीन आकड्यांत दिसतं. हीच गोष्ट ब्युटिरेटच्या कॅप्सूल विकणारे रीलमध्ये सांगत नाहीत, की साधं ब्युटिरेट तोंडाने घेतलं तर ते वरच्या वर शोषलं जातं, खाली पोचतच नाही, म्हणून मग त्यावर खास आवरण चढवावं लागतं.

परत वेल्लोरला. त्यांना हा विचार एका रात्रीत सुचला नव्हता. तिथल्याच बी. एस. रामकृष्ण आणि व्ही. आय. मथन यांनी १९९३ मध्ये एक काम छापलं होतं, जुलाबाच्या पेशंटांचं. संडासात या ॲसिडांचं प्रमाण घसरलेलं होतं, जे अपेक्षितच, कारण पेशंट जेवत नाही, वरून लोंढा येतोय, आणि त्या लोंढ्यात जंतूही वाहून चाललेत. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. त्यांनी गुदाशयात एक पातळ पडद्याची पिशवी ठेवून मोजलं की तिथलं अस्तर पाणी घेतंय की सोडतंय. आजारात ते घेत नव्हतं. पिशवीत शॉर्ट चेन फॅटी ॲसिड घातली तर घ्यायला लागलं. अस्तराला काही झालेलं नव्हतं. ते उपाशी होतं, आणि हा शब्द इथे मी जपून वापरतेय, कारण इंधन नाही आणि मीठ ओढायला सोबती नाही, दोन्ही अर्थांनी.

एक शंका मात्र उरत होती. कॉलऱ्यात सायक्लिक एएमपी वाढलेला असतो आणि तो सोडियम-हायड्रोजनचं यंत्र बंद करतो, हे मी वर सांगितलं. मग ॲसिड आलं तरी ते मीठ ओढणार कशातून? हे उत्तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या हेन्री बाइंडर यांच्या प्रयोगशाळेतून आलं, उंदरांच्या मोठ्या आतड्यावर. सायक्लिक एएमपी वाढवून आतडं मुद्दाम पाणी सोडायला लावलं, वर ही ॲसिडं घातली, तर मीठ शोषणं चालू. नंतर कळलं की या यंत्राचे दोन नमुने आहेत, एनएचई-३ आणि एनएचई-२, निरोप्या फक्त तिसऱ्या क्रमांकाच्या नमुन्याला बंद करतो आणि ब्युटिरेट दुसऱ्यावर काम भागवतं. म्हणजे लहान आतड्यात ग्लुकोजचं दार जसं विषाला दाद देत नाही, तसंच खाली ब्युटिरेटचं. दोन मजले, दोन चोरदरवाजे. १९७१ पासून आपण वरचाच वापरत होतो.

मग ॲसिडच थेट पाजा ना? नाही चालणार, ती वरच शोषली जाणार, वर वास असा की कुणी पिणार नाही. पाहिजे असं काहीतरी जे वरून न पचता जाईल आणि खाली जंतूंच्या हाती पडेल. स्टार्च दोन प्रकारचे रेणू मिळून बनतो, फांद्याफांद्यांचा अमायलोपेक्टिन आणि सरळ दोरीसारखा अमायलोज. सरळ दोऱ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, स्टार्च पचवणाऱ्या आपल्या अमायलेजला त्यांच्यात शिरायला जागा मिळत नाही. साध्या मक्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज चौथा हिस्सा असतो, खास वाणांत निम्म्याहून जास्त. तेच हे पीठ. शिवाय स्टार्चचे रेणू अवाढव्य असल्यामुळे ५० ग्रॅम घातलं तरी पाण्याचा ऑस्मोटिक दाब, म्हणजे आणखी पाणी ओढायची ताकद, फारशी वाढत नाही. तेवढीच साखर घातली असती तर तिने उलट आतड्यातच पाणी ओढून जुलाब वाढवले असते. मागच्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे.

आणि तांदळाचा गट कशाला? तर तांदळाचं पीठ पचतं, वरच. त्यातून हळूहळू भरपूर ग्लुकोज सुटतं, वरचंच दार जास्त वेळ उघडं राहतं. म्हणजे मक्याच्या गटात फरक पडला तर तो नुसता पीठ घातल्याचा की खाली पोचणारं पीठ घातल्याचा, हे वेगळं करायला हा गट ठेवला. मला या आखणीतली ही जागा फार हुशारीची वाटते.

काय झालं ते आकड्यांत. संडास वजन करून मोजला गेला, दर बारा तासांचा वेगळा. पहिल्या बारा तासांत गटागटांत काही फरक नाही. १२ ते २४, २४ ते ३६ आणि ३६ ते ४८ तास, या तिन्ही टप्प्यांत न पचणाऱ्या स्टार्चच्या गटाचं वजन नेहमीच्या गटापेक्षा कमी. जुलाब किती तास चालले? नेहमीच्या ओआरएसवर सरासरी ९०.९ तास. तांदळाच्या पिठावर ७०.८. न पचणाऱ्या स्टार्चवर ५६.७. म्हणजे चौथ्या दिवसापर्यंत चालणारं प्रकरण तिसऱ्या दिवशीच आटोपलं.

पहिल्या बारा तासांत फरक नाही हे मला या सगळ्यात सगळ्यात पटणारं वाटतं. औषधाने आतडं गप्प केलं असतं तर परिणाम लगेच दिसला असता. इथे पीठ खाली उतरायला वेळ, उरलेसुरले जंतू कामाला लागायला वेळ, ॲसिड साचायला वेळ. उशीर होतो तो आंबवण्याचा. दुसरा पुरावा जरा किळसवाणा आहे पण सांगतेच, संडासातलं स्टार्चही मोजलं होतं, मक्याच्या गटात सरासरी ३२.६ ग्रॅम, नेहमीच्या गटात ११.७. म्हणजे पीठ खरंच खालपर्यंत पोचत होतं, आणि त्यातलं थोडं न आंबताच बाहेर आलं. आणि हा ३२.६ नुसता सरासरी आहे, पेशंटापेशंटांत प्रचंड तफावत होती, कुणाचे जंतू टिकलेले, कुणाचे धुऊन गेलेले, असा मी त्याचा अर्थ लावते.

आता कच्चे दुवे. १६ जणांचा गट म्हणजे लहानच. दुसरं, पाण्यात पीठ आहे की नाही हे ग्लास हातात घेतल्यावर दिसतं, त्यामुळे कुणाला काय मिळतंय हे पेशंटापासून लपवणं कठीण, आणि जुलाब थांबले केव्हा हे शेवटी कुणीतरी माणूसच ठरवतो. तिसरं, ही सगळी पोरसवदा किंवा मोठी माणसं होती, आणि जुलाबाने मरतात ती बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. हे त्यांनाही कळत होतं. २००६ मध्ये वेल्लोरहूनच १७८ लहान मुलांचं काम आलं, तिथेही जुलाब लवकर थांबले. दरम्यान २००२ मध्ये डब्ल्यूएचओने ओआरएसच बदललं होतं, मीठ आणि साखर दोन्ही कमी करून एकूण ऑस्मोलॅरिटी (लिटरमागे विरघळलेल्या कणांचं माप) ३११ वरून २४५ वर आणली होती, म्हणून मग २००८ मध्ये नव्या ओआरएसशी तुलना करून ५० मोठ्या पेशंटांवर परत बघितलं, परत तेच. पण बांगलादेशात खूप कुपोषित मुलांना कॉलरा झालेला असताना हेच स्टार्च वापरलं तर जादा फायदा दिसला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही, जंतूच नीट नसतील तर पीठ घालून काय करणार, चूल आहे, लाकडं आहेत, विस्तव कुठाय. पण हा माझा तर्क आहे हां.

त्याच बांगलादेशातून दुसरी दोन कामं आली जी आपल्या स्वयंपाकघराच्या जास्त जवळची आहेत. एकात ओआरएसमध्ये गवारीच्या बियांचा अर्धवट तोडलेला डिंक घातला, मुलांचे जुलाब लवकर आटोक्यात आले. दुसऱ्यात, २००१ मध्ये, रेंगाळलेल्या जुलाबाच्या ६२ तान्ह्या मुलांना भाताबरोबर शिजवलेली कच्ची केळी किंवा पेक्टिन दिलं. चौथ्या दिवशी केळीच्या गटातली १०० पैकी ८० च्या आसपास मुलं बरी, नुसत्या भाताच्या गटातली २३. कच्च्या केळ्यातलं स्टार्चही अमायलेजला दाद न देणारं. आमच्या आजीकडे जुलाबाला कच्च्या केळ्याची मऊ भाजी आणि ताकाची निवळी असायची, तिला ब्युटिरेट माहीत नव्हतं, आणि तिच्या भाजीने कॉलरा बरा झाला असता असंही मी म्हणत नाहीये, कृपा करून तसा मेसेज फिरवू नका. शिळा भात गार झाला की त्यात न पचणारं स्टार्च थोडं वाढतं हे खरं, पण थोडंच, आणि बाहेर राहिलेला भात नासून त्यानेच जुलाब लागतात हे जास्त खरं.

घरी ओआरएसच्या पाकिटात पीठ कालवायचे प्रयोगही नकोत. एक पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढं पाणी, विषय संपला.

एवढं सगळं होऊनही पाकिटात ते स्टार्च आलेलं नाही. आजही लिटरच्या पाकिटावर तेच, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट, १३.५ ग्रॅम ग्लुकोज. वरच्या दाराचा बंदोबस्त पक्का, खालच्या दाराचं नाव नाही. खास वाणाच्या मक्याचं पीठ गावोगावच्या उपकेंद्रात पोचवणं सोपं नसणार, २० ग्रॅमचं पाकीट ७० ग्रॅमचं होणार, आणि एक अडचण मला वर्गातच दिसते. दरवर्षी मी टेबलावर लिटर-लिटरचे दोन जग ठेवते, दोन्हीत ओआरएस, एकात ५० ग्रॅम साधं कॉर्नफ्लोअर (खास स्टार्च कुठून आणू, आणि हे साधं बरंचसं वरच पचतं हे मुलींना सांगून ठेवते). ढवळलं की एक पाणी स्वच्छ, एक दुधासारखं. मग मी फळ्याकडे वळून चार दारं काढते, सोडियम, हायड्रोजन, बाण वगैरे, आणि वीसेक मिनिटांनी परत बघायला सांगते. पीठ तळाशी बसलेलं असतं, वर निवळशंख पाणी. गेल्या वर्षी एकीने विचारलं, मॅडम, रात्री तीन वाजता पेशंटची आई हे पाजणार, तर दर घोटाला ढवळायचं तिला कोण सांगणार?